आबांच्या वाट्याचा कसूर

भानुमती वाघमोडेचा आवाज पोलीस लायनीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाच्या म्हशी कान टवकारतात, असं तिची आई द्वारकाबाईच म्हणायची. पण त्या वर्षी त्याच आवाजानं भानूला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं आणलं. तेव्हापासून द्वारकाबाईनं "हळू बोल गं" म्हणायचं सोडलं, आणि भानूनं हळू बोलायचं.

होळकरांचं राज्य मध्यभारतात मिळून चार-पाच वर्षं झाली होती. भानूचे आजोबा अप्पासाहेब होळकरांच्या पलटणीत जमादार होते. तिचे वडील जयसिंगराव, घरातले आबा, त्याच पलटणीतून नव्या पोलिसांत आले आणि हवालदार झाले. बिल्ले बदलले, टोप्या बदलल्या, मिशा मात्र त्याच राहिल्या. द्वारकाबाईचा धाकटा भाऊ लक्ष्मण, म्हणजे भानूचा मामा, नुकताच शिपाई झाला होता. आईविना वाढलेला, बहिणीनं पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. आखाड्यातला गडी, मनगटावर हा मोठा मारुती गोंदलेला आणि तोंडावर सदा हसू. भानूला सायकल त्यानंच शिकवली, तीही अशी की आधी धरायचं, मग गुपचूप सोडून द्यायचं आणि लांबून ओरडायचं, "अरे वा, भानूबाई, कमाल करून राहिली तू!"

गणपती जवळ आले होते. कॉलेजच्या पोरांनी फी वाढली म्हणून मोर्चा काढला आणि तो नेमका भानूच्या शाळेवरून जाणार होता. मग कसला भूगोल आणि कसलं काय! साऱ्या मुली वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना लटकल्या. भानूच्या शेजारी तिच्याच बाकावरची उषा होती, कचेरीतल्या दत्तोपंतांची मुलगी, शिंकली तरी आधी इकडेतिकडे बघणारी. आज मात्र ती सांगत होती, "तो बघ माझा दादा! तो, निळ्या सदऱ्यातला!"

"आणि ते बघ माझे आबा!" भानू म्हणाली. तेवढ्यात तिला आबांच्या मागे मामाही दिसला. ती आता ओरडून त्याला वर बघायला लावणारच होती.

कुठूनसा एक दगड आला आणि मामाच्या गालावर बसला.

ठाणेदारांची शिट्टी वाजली. शिपाई काठ्या घेऊन धावले, पोरं वाट फुटेल तिकडे पळाली. बघता बघता रस्ता मोकळा झाला आणि दुसरी शिट्टी वाजली, थांबा. थांबले सगळे. उषाचा दादा शरद रस्त्यात घसरून पडला होता आणि गुडघ्यांवर बसून हाताला लागलेला चष्मा डोळ्यांवर चढवत होता. काठी कमरेच्या वर मारायची नाही, पडलेल्याला मारायची नाही, हे लायनीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. मामाची काठी वर गेली. खाली आली ती शरदच्या डोक्यात.

"दादा!" उषा किंचाळली. भानूचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

संध्याकाळी ठाणेदारसाहेब स्वतः घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला, मिशीला लागलेला चहा पुसला आणि म्हणाले, "जयसिंगरावजी, लड़का पत्थर फेंकते-फेंकते दीवार से गिरा है। सबने यही लिखा है। आप भी दस्तखत मार दो, घर का ही मामला है।"

घर का मामला! आबांनी एकदा आत द्वारकाबाईकडे पाहिलं आणि सही केली. दाराआड उभ्या भानूनं ती सही पाहिली, नि तिला वाटलं, आपल्या आबांच्या हातालाच कुणीतरी काठी मारली.

दुसऱ्याच दिवशी मामाची बदली मानपूरच्या चौकीवर झाली, पार महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर, येणारे-जाणारे ट्रक बघत बसायला. कुणी त्याला ओळखायला नको म्हणून. इकडे शरद दवाखान्यात शुद्धीवर आला तो उशाशी बसलेला शिपाई बघतच. दंगा केला, पोलिसांवर दगड मारले असा खटला त्याच्यावरच झाला होता! डाव्या कानानं त्याला ऐकू येईना, आणि गुन्हा शाबीत झाला तर कॉलेजही जाणार होतं.

भानूनं आबांशी बोलणं टाकलं. आता, भानूनं बोलणं टाकणं म्हणजे घरात सुतकच. शेजारच्या जनाबाई दोनदा विचारून गेल्या, "पोरीची तब्येत तो ठीक आहे ना?"

पण शहरात बोभाटा व्हायचा तो झालाच. वकिलांनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि शेवटी सरकारनं त्या लाठीमाराची मॅजिस्ट्रेटसाहेबांकडून चौकशी लावली. हवालदार म्हणून आबांची साक्ष होणार होती.

समन्स आलं त्या दिवशी आबा जेवून उठले, चूळ भरली आणि एकदम म्हणाले, "मी सांगणार आहे, लाठी मी मारली."

द्वारकाबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"पोराचा खटला तो सुटेल. लक्ष्मणही वाचेल. ठाणेदारसाहेबांच्या कानावर घातलंय मी. राहिलो मी. माझी नोकरी झाली तेवढी झाली." मग ते भानूकडे वळले. "तुला ठाऊक आहे ना, तुझ्या आजोबांनी काय केलं होतं?"

ठाऊक नसायला काय झालं! वाघमोड्यांच्या घरात ती गोष्ट दुधाबरोबर पाजत. दसऱ्याच्या स्वारीत अप्पासाहेबांच्या एका स्वाराचा घोडा लोकांत घुसला आणि दोघांना लागलं. दरबारात विचारणा झाली तेव्हा अप्पासाहेब पुढे झाले, पागोटं उतरवून खाली ठेवलं नि म्हणाले, "कसूर माझा, सरकार." स्वाराचं नावसुद्धा घेतलं नाही. आणि सरकारांनी ते पागोटं उचलवून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवायला लावलं. पलटणीची रीतच ती. खालच्याचं वरच्यानं अंगावर घ्यायचं.

भानूचा राग कुठल्या कुठे पळाला. असे आबा कुणाचे आहेत का? सांगा! दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली ती जमिनीवरून चालतच नव्हती.

उषा बऱ्याच दिवसांनी शाळेत आली होती. भानू तिच्याजवळ सरकली. "उषा, तू बिलकुल काळजी करू नको. तुझ्या दादाचं सगळं नीट होणार."

"होईल गं," उषा म्हणाली. "दादानं वकिलांना सगळं सांगितलंय. मारणाऱ्याला पाहिलंय त्यानं. तरुण होता, गालातून रक्त येत होतं, आणि मनगटावर मारुती गोंदलेला. काठी वर गेली तेव्हा दादाला आधी मारुतीच दिसला."

भानूनं मनातल्या मनात आबांना समोर उभं केलं. आबांच्या मिशा पिकलेल्या. गाल कोरा. मनगटावर तिळाएवढंही गोंदण नाही.

"आणि," तिनं विचारलं, "समज, दुसराच कुणी पुढे येऊन म्हणाला, मी मारलं, तर?"

"मग तर झालंच! सरकारी वकील म्हणतील, बघा, या पोराला मारणारा कोण तेही धड सांगता येत नाही, मग दगड मारला नाही हे कसं खरं मानायचं? बाबा म्हणतात, ते लोक तर असं काही हुडकतच आहेत." उषा थांबली. "तू का विचारून राहिली?"

खोटं बोलायला भानूला जमलं असतं. तोंड तर तिला देवानं दिलंच होतं.

"तो माझा मामा आहे," ती म्हणाली.

उषानं तिच्याकडे पाहिलं. "तुला कधीपासून ठाऊक?"

"खिडकीपासून."

उषानं वह्या गोळा केल्या, दौत उचलली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. भानूला वाटलं, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्या आल्या भानू आबांसमोर उभी राहिली. दप्तरसुद्धा खांद्यावरच.

"आबा, तुमच्या मनगटावर मारुती नाही."

"काय बोलून राहिली पोरी?"

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आबांची मान खाली गेली, पण मग ती एकदम ताठ झाली. "अरे, मी जेलात जायला तयार आहे! याच्यावर अजून काय पाहिजे तुम्हा लोकांना?"

"हा दरबार नाही, आबा. तिथं पागोटं उचलून कुणी परत डोक्यावर ठेवणार नाही. तिथं तुमचं बोलणं लिहून घेतील आणि ते शरददादाच्या उरावर ठेवतील. आजोबांच्या वेळेला ते दोघं, ज्यांना लागलं होतं, त्यांना कुणी विचारलं होतं का, कुणाचा घोडा म्हणून?"

हे मात्र घरात आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"तुम्ही जे केलं तेवढंच सांगा," भानू म्हणाली. "न केलेलं नको."

"मी काय केलं?"

"मी सांगते काय केलं." द्वारकाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. वळून बघितलंही नाही तिनं. "लक्ष्याचं काठीचं शिक्षण अर्धंच झालं होतं. शिकवणारे उस्ताद नको म्हणत होते, अजून हात तापतो याचा म्हणत होते. मीच तुमच्या पाठीस लागले, पोराला नजरेसमोर ठेवा म्हणून. तुम्ही उस्तादांना गळ घालून त्याला आपल्या तुकडीत घेतलं. उचलायला शिकला होता तो, आवरायला नाही. हे एक. आणि दुसरं, ती सही."

आबा खाटेवर बसले. लाठी मी मारली म्हणायला त्यांची छाती केवढी फुगली होती! आणि आता? बायकोच्या शब्दाखातर कच्चा मेहुणा रस्त्यावर उभा केला, ठाणेदारांच्या एका कप चहावर खोटी सही केली... यात कसली शोभा?

"हे मी भर कोर्टात कोणत्या तोंडानं सांगू?"

"याच," भानू म्हणाली. "आणि ऐका, तुम्ही 'मी मारलं' म्हणालात तर मी तिथल्या तिथे उठून 'नाही' म्हणणार. मी पाहिलंय."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

रविवारी द्वारकाबाईनं कणकेचे गोळे उकडून-भाजून बाफले केले, डब्यात भरले आणि भानूला घेऊन मानपूरची मोटर धरली. मामा चौकीच्या ओट्यावर बसला होता. गालावर व्रण, अंगानं अर्धा झालेला. बहिणीला बघताच उठला.

"ताई! अगं, सांगितलं का नाही? मी महूपर्यंत आलो असतो ना!"

द्वारकाबाईनं डबा उघडला, बाफला मोडला, तूप घातलं आणि आपल्या हातानं त्याला भरवलं. चार घास झाल्यावर विचारलं, "दुसरी शिट्टी ऐकली होतीस?"

मामाचा घास तोंडातच राहिला. "ताई, दगड लागला होता. डोळ्यांपुढे सगळं लाल झालं..."

"दगड लागला हे सांग, जरूर सांग. मी शिट्टीचं विचारलं."

एक ट्रक धडधडत गेला. मामा त्याची धूळ बसेपर्यंत बघत राहिला.

"ऐकली होती," तो शेवटी म्हणाला. "पण दाजी घेऊन राहिलेत ना अंगावर? ठाणेदारसाहेब बोलले, तू बस चुपचाप."

"दाजी नाही घेणार आता." द्वारकाबाईनं त्याचं तोंड पदरानं पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "लक्ष्या, तू जेलात गेलास तर मी डबा घेऊन रोज फाटकाशी उभी राहीन, लाज नाही वाटायची मला. पण त्या पोराला चोर ठरवून तू इथं लपलेला असशील, तर ही मोटर मी पुन्हा धरणार नाही."

मामानं भानूकडे पाहिलं. ती फक्त त्याच्या मनगटाकडे बघत राहिली, आणि त्यानं बाही हळूच खाली ओढली.

परत येताना द्वारकाबाई रडली नाही. महू गेलं, राऊ गेलं, ती नुसती खिडकीबाहेर बघत होती. "येईल का गं तो?" तिनं एकदाच विचारलं. भानूला माहीत नव्हतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे ठाणेदारसाहेब, पट्टा असा चकचकीत की त्यात तोंड दिसावं. एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेला शरद, त्याच्याजवळ दत्तोपंत आणि उषा. उषानं वळून पाहिलं नाही. मागच्या बाकावर भानू आणि द्वारकाबाई.

पुकारा झाला. आबा पिंजऱ्यात उभे राहिले, कडक इस्त्री, ताठ मान. शपथ झाली आणि पहिल्याच प्रश्नाला ते म्हणाले, "कसूर माझा आहे, हुजूर."

एकदम कुजबुज उठली. भानू उभी राहिली, अशी ताडकन की बाक हलला. ठाणेदारसाहेब हसले. सरकारी वकील तर पुढेच झुकले, "म्हणजे लाठी तुम्ही मारली?"

आबांनी भानूकडे पाहिलं. उभ्या भानूकडे.

"नाही हुजूर," ते म्हणाले. "लाठी शिपाई लक्ष्मणनं मारली. माझ्या बायकोचा भाऊ तो. थांबण्याची शिट्टी झाल्यावर मारली, पडलेल्या माणसाला मारली, डोक्यात मारली. त्या पोराच्या हातात दगड नव्हता, चष्मा होता. मी पाहत होतो."

द्वारकाबाईनं डोळे मिटले. भानू मटकन खाली बसली.

"मग तुमचा कसूर कोणता?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

आणि आबांनी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. उस्ताद नको म्हणत असताना घरचा म्हणून लक्ष्मणला तुकडीत घेतलं. भिंतीवरून पडल्याची गोष्ट खोटी ठाऊक असून सही केली. आवाज पहिल्यांदा जरा कापला, मग लागला सुराला. 'मी भ्यालो' हे त्यांनी जसं म्हटलं ना, तसं भानूनं कुणालाही 'मी लढलो' म्हणतानासुद्धा ऐकलं नव्हतं!

"लाठी चालवण्याआधी जमावाला इशारा दिला होता?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पुढे विचारलं.

"दिला नव्हता, हुजूर. लिहिला मात्र आहे."

कोर्टात हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त ठाणेदारसाहेब.

"याचा तुमच्यावर काय परिणाम होईल, ते समजतं ना?"

"समजतं, हुजूर. म्हणून तर इतके दिवस लागले."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होते आणि तो म्हणत होता, "जाऊ दे भिया, मलाच जायचंय आत." मामा! सकाळच्या मोटरीनं आला होता, रजा न घेता, अंगावर धुळीनं माखलेली वर्दी. तो सरळ समोर येऊन उभा राहिला, शरदसमोर, आणि स्वतःच्या हातानं त्यानं बाही वर केली. मारुती दिसला.

"हाच," शरद हळूच म्हणाला.

"शिट्टी ऐकली होती मी," मामा म्हणाला.

त्या एका दुपारी बरंच काही झालं. मामाला अटक झाली, आणि द्वारकाबाई त्याच्या मागोमाग चालत गेली. ठाणेदारसाहेबांना ठाण्यावरून काढून लायनीत हजर राहायचा हुकूम निघाला. पुढची चौकशी त्यांचीच होणार होती. शरदवरचा खटला उभा राहणं आता शक्य नाही, असं वकील एकमेकांना सांगत होते. आणि आबांनी पट्टा उतरवून जमा केला. निलंबित. हवालदारी राहते की नोकरीच जाते, ते नंतर ठरायचं होतं.

बाहेर पायऱ्यांवर दत्तोपंत उभे होते. आबा त्यांच्यासमोर थांबले.

"हवालदार, मी काही तुमचे आभार मानणार नाही," दत्तोपंत म्हणाले.

"नका मानू."

"पोराचा एक कान गेलाय माझ्या."

"होय."

दत्तोपंत एक पायरी उतरले. मग म्हणाले, "पण सोमवारी तो कॉलेजात जाईल," आणि उतरून गेले. मागून उषा आली. भानूच्या शेजारून जाताना म्हणाली, "किती जोरात उठलीस गं. बाक पडला असता ना." हसली नाही, पण बोलली. भानूला तेवढ्यानंही आभाळ ठेंगणं झालं.

आबांना भूक लागली होती. बापलेक चालत राजवाड्याकडे निघाले आणि वाटेत एका पोह्यांच्या दुकानात शिरले. आत एकच बाक होता, त्यावर लायनीतले दोन शिपाई पोहे-जिलेबी खात बसलेले. रोजचे, रामराम करणारे. त्यांनी आबांना पाहिलं, बिनपट्ट्याचे आबा. एकानं तोंड फिरवलं. दुसऱ्यानं अर्धी जिलेबी तशीच पानावर टाकली, आणि दोघं अंगावरून निघून गेले, जशा काही आबांना देवी आल्या होत्या.

भानूचं डोकंच फिरलं. ती त्यांच्या पाठीवर काहीतरी जबरदस्त फेकणार होती, शब्द तर जिभेवर आलेच होते. पण आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला," ते म्हणाले, "बसायला जागा झाली."

आणि ते त्या बाकावर मधोमध बसले, मांडी घालून, ऐसपैस, जसा बोहल्यावर नवरदेव.